तय्यबाकाकींचा राजीनामा

आमच्या शाळेच्या चार नंबरच्या बसमध्ये तय्यबाकाकी एकोणीस वर्षं मदतनीस होत्या. बस पहाटे साडेपाचला खाडीकडच्या मोहल्ल्यातून निघायची आणि रिकामीच दिघाशीपर्यंत जायची. तिथून मुलं गोळा करत पुन्हा शहरात यायची, नारपोलीत आमच्या मुलांना घ्यायची आणि मानकोलीच्या पलीकडे हायवेलगतच्या शाळेत पोचायची. जेमतेम एका तालुक्यातली वाट. पण या वाटेवर माणसांचं बोलणं तीनदा बदलतं, आणि काकी प्रत्येक थांब्यावर त्या त्या थांब्याचं बोलायच्या.

दिघाशीला त्या पायरीवरूनच ओरडत, "भाविक, आवारला का न्हाय रं आजून? आयेस कुठं हाय तुजी?" नारपोलीत लूमवाल्यांच्या बायकांना म्हणत, "भाभी, टिफिन में मिर्ची कम डालो, बच्चा पूरे रास्ते पानी माँगता है." आणि दोन थांब्यांच्या मधे फोनवर घरी बोलत ती त्यांची स्वतःची कोकणी. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, या उर्दू बोलताहेत. नीट ऐकल्यावर कळलं की निम्म्याहून जास्त मलाही समजतंय.

आम्ही वाशीमचे. माझ्या नवऱ्याची मानकोलीच्या गोदामात बदली झाली म्हणून दोन वर्षांपूर्वी भिवंडीत आलो. निशाला पहिल्या दिवशी बसमध्ये चढवताना मी काकींना म्हणाले, "जरा बघा हो, घाबरून राहिली ती."

"घाबरून कुठं राहिली?" काकी म्हणाल्या. "हितंच उभी हाय ना."

"तसं नाही. म्हणजे घाबरतेय."

"मंग तसा सांग ना. जेवून राहिली बोललीस तर मी समजायचा काय? जेवली, का जेवायची राहिली?"

बसमधली मोठी मुलं हसली. निशाही हसली आणि हसता हसता चढली. त्या दिवसापासून काकी मला 'राहिलीबाय' म्हणत. थांब्यावरच्या इतर आयांपुढे म्हणत, त्यामुळे मला थोडा राग यायचा. पण निशा तेव्हापासून एकदाही रडली नाही.

काकींचं माहेर खाडीच्या काठी, सासर शहरात. दोन्हीकडचे कोकणी मुसलमान, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. शिक्षण उर्दू शाळेत सातवीपर्यंत. सासऱ्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर कापड विणायचे चार लूम होते. नवरा, हसन, ते चालवायचा. काकी सांगत, लग्नानंतर पहिले सहा महिने त्यांना खटखटीत झोप लागली नाही आणि पुढे लूम विकले तेव्हा शांततेत झोप लागली नाही. लूम भंगारात गेले, खालचा मजला भाड्याने गेला. हसनची छाती आधीच बिघडली होती, तो पुढे दोन वर्षं जगला. तेव्हा मुलगी आयत चालतही नव्हती. तिला सासूकडे ठेवून काकी बसवर लागल्या.

बसमध्ये कोण कुठे बसणार हे त्यांनी ठरवलेलं असे. मानकोलीच्या बाजूची मुलं डब्यात तांदळाची भाकरी आणि सुका जवला आणत. शहरातल्या सोसायट्यांमधल्या काही मुलांना तो वास सहन व्हायचा नाही. "वासवाली पोरां मागं, नाकवाली पोरां फुडं," असं त्या सांगत, आणि मुलं आपापली जागा समजून बसत. कोणाला वाईट वाटलेलं मी ऐकलं नाही. दिघाशीचा भाविक पहिलं वर्षभर वर्गात एक शब्द बोलला नव्हता. बाईंना वाटलं, मुलात काही कमी आहे. काकींनी बाईंना सांगितलं, "तो बोलतो, तुमी ऐकत न्हाय. तुमी 'नाही' बोलता, त्याच्या घरी 'न्हाय' बोलतात. दोन येला तुमी त्याला सुधारला, तिसऱ्या येला तो गप झाला." बाईंना ते आवडलं नाही, पण त्यांनी त्याला सुधारणं थांबवलं.

मला हे सगळं आधीपासून माहीत होतं. तरीही ऑक्टोबरात मी जे केलं ते केलं.

त्या दिवशी दुपारी मानकोलीच्या चौकात एक कंटेनर आडवा झाला. शाळा सुटून बस निघाली होती आणि चौकाच्या अलीकडे अडकली. दीडला येणारी निशा अडीचलाही आली नाही. काकींचा फोन बंद लागत होता. तीन वाजता ड्रायव्हर यहयाभाईंनी फोन उचलला.

"बच्चे कहाँ हैं?" मी विचारलं.

"बच्चे उतर गए मैडम."

"उतर गए मतलब?"

"आपा लेके गई. उधर, गाँव की तरफ. मेरे को पुलिस ने गाड़ी आगे लेने को बोला—" आणि फोन कटला.

मी शेजारच्या रीमाच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. अडकलेल्या ट्रकांच्या कडेकडेने आम्ही चौकापर्यंत पोचलो, तेव्हा पुलाखाली चार नंबरची बस उभी होती आणि आत एकही मूल नव्हतं. दप्तरं होती. निशाची पाण्याची बाटली सीटखाली पडली होती. ते बघून मला काय झालं हे मी आजही धड सांगू शकत नाही.

मुलं अर्ध्या किलोमीटरवर कमळा नावाच्या बाईच्या ओटीवर बसली होती. अकरा मुलं, ओळीने, पुढ्यात पेज आणि पापड. बस तापली होती, दोन मुलींना लघवीला जायचं होतं, एकाला उलटी झाली होती. कमळा काकींच्या ओळखीची. तिची दोन्ही मुलं याच बसमधून शाळेत जाऊन मोठी झाली होती. काकींनी सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावून, स्वतः ट्रकांच्या बाजूने चालत, तिथे नेलं होतं. यहयाभाईंना सांगून गेल्या होत्या. फोनची बॅटरी संपली होती.

"आलीस?" काकी म्हणाल्या. "बस. तू पन जेवलेली दिसत न्हाय."

मी निशाला उचललं आणि निघाले. त्याच रात्री शाळेला तक्रार लिहिली. कॉलेजात माझा विषय मराठी होता, मला नेमकं लिहिता येतं. 'मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय, हायवेवरून पायी चालवत, अनोळखी घरात नेण्यात आले.' अनोळखी हा शब्द मी विचार करून घातला होता. ते घर मला अनोळखी होतं, काकींना नव्हतं. तक्रार पालकांच्या ग्रुपवरही टाकली. सकाळपर्यंत सव्वीस जणांनी तिच्याखाली अंगठ्याची खूण टाकून दुजोरा दिला होता.

चार दिवसांनी, शुक्रवारी, शाळेने आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. त्या चार दिवसांत मी निशाला थांब्यावर सोडायला तिच्या बाबांना पाठवत होते, पण तोपर्यंत माझा राग उतरला होता. निशा रोज त्या पेजेबद्दल सांगत होती. मी ठरवून गेले होते की काकींना ताकीद द्या एवढंच म्हणायचं. मुख्याध्यापिका मॅडम खुर्चीत होत्या, क्लार्क प्रितम बाजूला कागद घेऊन उभा. प्रितमही इथल्याच गावचा, लहानपणी त्याच बसने शाळेत गेलेला. तो काकींकडे बघत नव्हता.

मॅडम बोलल्या त्यात ट्रस्टी आले, विमा आला, ग्रुपवरचे सव्वीस पालक आले. मग त्यांनी प्रितमकडे बघितलं.

प्रितम म्हणाला, "काकी, तुमी राजीनामा द्या. मंग इषय मिटला. चौकशी न्हाय, काय न्हाय."

काकींचा चेहरा एकदम सैल झाला. "राजीनामा?" त्या म्हणाल्या. "हां, राजीनामा बरा. मी तर पयल्या दिवशीच बोलनार होती, पन ही बाय भेटली न्हाय. लिवा."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुमची काही हरकत?"

इथे मी बोलायला हवं होतं. मला इतकं नको होतं, ताकीद पुरे होती. पण काकी स्वतःच तयार आहेत, आनंदाने तयार आहेत, असं मला दिसलं. वाटलं, एकोणीस वर्षांनी त्या दमल्या असतील. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही वाटलं. मी म्हणाले, "नाही, हरकत काही नाही."

प्रितमने कागद वाचून दाखवला, भरभर. 'मी स्वखुशीने माझ्या पदाचा राजीनामा देत आहे, तो स्वीकारावा ही विनंती.' काकी 'खुशीने'ला मान हलवत होत्या. त्यांनी उर्दूत सही केली, उजवीकडून डावीकडे, सावकाश. मग उठून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"राजीनामा झाला ना बाय? आता मनात काय ठेवू नको. मी पन न्हाय ठेवत. आनि सोमवारी पोरीला टोपी दे, ऊन लय हाय."

सोमवारी. तो शब्द मी ऐकला. मला तो खटकलाही. मग वाटलं, सवयीने बोलल्या असतील. मॅडमनी ऐकला असेल, प्रितमने नक्की ऐकला असेल. आम्ही तिघंही गप्प राहिलो.

सोमवारी बस आली तेव्हा दारात मेघाली नावाची नवी मुलगी उभी होती, हातात यादी घेऊन. निशा चढेना. काकी कुठे आहेत म्हणून तिने विचारलं, मेघाली म्हणाली, "त्या आता येणार नाहीत. लवकर, बाळा, उशीर होतोय." निशाला रडतच चढवावं लागलं.

मी ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले. यहयाभाई समोर बघत म्हणाले, "आपा सुबह आई थी मैडम. बैग लेके, रोज के जैसा. बैठ गई अपनी जगह पे. फिर ये लड़की चढ़ी, बोली मेरा पहला दिन है."

"त्यांनी राजीनामा दिलाय ना पण?"

"वो भी यही बोल रही थी. राज़ीनामा तो हो गया, फिर ये कौन है."

यहयाभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं असावं. "राज़ीनामा मतलब सुलह, मैडम. झगड़ा मिट गया, दोनों पार्टी राज़ी. आप लोग में क्या बोलते हैं?"

त्या दुपारी मी मोहल्ल्यात गेले. काकींचं घर शोधायला लागलं नाही, लूम विकलेलं घर म्हटल्यावर पोरांनी नेऊन सोडलं. काकी जमिनीवर बसून लसूण सोलत होत्या. आयतने मला पाणी दिलं. ती आता कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मराठी शाळेत शिकलेली. तिने आईला त्या सकाळपर्यंत काही विचारलंच नव्हतं. राजीनामा झाला, असं आई म्हणाली, तेव्हा तिलाही घरातला अर्थच सुचला होता.

"नोकरी सोडायला आमच्यात इस्तिफा बोलतात," काकी म्हणाल्या. "नायतर रिझाईन. शाळेत पन सगळी रिझाईनच बोलतात. गेल्या वर्षी त्या पीटीच्या सरांनी रिझाईन केला. राजीनामा कोन बोलला कंदी?"

"कागदावर तसंच लिहितात काकी."

"हसनच्या भावाशी भिंतीवरून वाद होता, बारा वर्षां. मंग राजीनामा झाला. चार मानसां बसली, कागद केला, चा पिली. आजून दोघांची पोरां एका ताटात जेवतान." त्या थोडा वेळ लसूण सोलत राहिल्या. "मना वाटला, तुझा माझा तसाच."

"मी मॅडमशी बोलते."

"बोल. पन तू तिथं बसलेली होतीस, बाय. तुना राजीनामा म्हंजे काय ते म्हाईत होता. मी सोमवारी टोपी दे बोलली, तवा तू काय समजलीस?"

मी खरं ते सांगितलं, की मला वाटलं सवयीने बोललात. त्यांनी मान हलवली. रागाने नाही, एखाद्याने हिशोबातली चूक दाखवावी आणि दुसऱ्याने ती मान्य करावी तशी.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी तक्रार मागे घेते असं लेखी दिलं. मॅडम म्हणाल्या, आता प्रश्न तक्रारीचा नाही, राजीनामा स्वीकारला गेलाय. मी अर्थाचा घोळ समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या परभणीच्या. त्यांना इथे येऊन सात वर्षं झालीत, पण असा अर्थ त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी ट्रस्टच्या वकिलांना फोन लावला. फोन ठेवून म्हणाल्या, "एकच मार्ग आहे. त्यांनी लिहून द्यावं की मराठी भाषा समजत नसल्यामुळे मजकूर न कळता सही केली. तेवढं आलं तर ट्रस्टींपुढे ठेवते. पण शुक्रवारी ऑफिस बंद व्हायच्या आत. शनिवारी मेघालीचं नेमणुकीचं पत्र निघेल."

"शब्दाचा अर्थ वेगळा समजला, असं लिहिलं तर?"

"मग ते म्हणतील, मराठी येतं ना, मग अर्थ कसा कळला नाही."

बाहेर प्रितम भेटला. "ताई, मला काय म्हाईत," तो म्हणाला. "मी आपला मिटवायला बघत होतो. चौकशी लागली असती तर काकींचं नाव खराब झालं असतं." तो खरं बोलत होता असं मला वाटतं.

अर्ज मीच लिहिला. गुरुवारी तो घेऊन गेले. काकींनी कागद हातात घेतला नाही. "आयत, वाच," म्हणाल्या. "सावकाश. एक एक शब्द."

आयतने वाचायला सुरुवात केली. विषय, संदर्भ, महोदया. मग, "'मला मराठी भाषा समजत नसल्यामुळे...'"

"थांब. परत वाच."

आयतने परत वाचलं.

"कोनाला समजत न्हाय?"

"अम्मी, ते फक्त लिहायचं असतं. वकिलाने सांगितलंय."

काकी माझ्याकडे बघत होत्या. "मी आता कशात बोलतंय तुझ्याशी?"

"काकी, हे कागदापुरतं आहे. नोकरी परत मिळेल."

"एकोनीस वर्षां. दिघाशीच्या पोरांचा समजला. मानकोलीवाल्या बाया भांडायला आल्या, त्यांच्या शिव्या समजल्या. तुझा वाशीमचा बोलना समजला, जो हितं कोनाला समजत नव्हता. आनि आता मी लिवून देऊ, मना मराठी समजत न्हाय?"

"असं कोणी खरं मानणार नाही."

"मानतील ना. तुमची ती मॅडम मानेल. तू पन पयल्या दिवशी मानलीस, का न्हाय? मी उर्दू बोलतंय, असाच वाटला ना तुना?" मी हे कधी त्यांना सांगितलं नव्हतं. "मंग उद्या पोरां चढतील, त्यांच्या आया बोलतील, हिला मराठी समजत न्हाय, पोरां हिच्याकडं कशी सोडायची. मंग परत राजीनामा. तुमचावाला."

आयत हळूच म्हणाली, "अम्मी, मेरी फीस का सोच." काकींनी तिच्याकडे बघितलं. खालून भाडेकरूच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता. मला वाटलं, त्या सही करतील. मी पेन पुढे केलं.

"ठेव कागद," त्या म्हणाल्या. "बघतंय."

शुक्रवारी मी दिवसभर फोन जवळ ठेवला. दुपारी दोनला आयतला फोन केला, तिने उचलला नाही. पावणेचारला तिचा मेसेज आला. 'अम्मी वो कागज़ पे साइन नहीं करेगी. बोली, मराठी में अपना खुद लिखेगी. पर उसको टाइम लगेगा.' ऑफिस साडेचारला बंद होणार होतं. मी शाळेत फोन करून सोमवारपर्यंत मुदत मागितली. मॅडम म्हणाल्या, "मी तुम्हाला दिवस सांगितला होता." शनिवारी मेघालीचं पत्र निघालं.

काकींचा कागद आला तो त्यानंतर नऊ दिवसांनी. आयतने तो माझ्याकडे आणून दिला. वहीचं पान, मोठी मोठी देवनागरी अक्षरं, काही खोडून पुन्हा लिहिलेली. आयत म्हणाली, तिने मदत करू का विचारलं तर आईने तिला खोलीबाहेर काढलं. मजकूर दोन ओळींचा. 'आमचा राजीनामा झाला होता. मी नोकरी सोडली नव्हती.' खाली सही, या वेळी मराठीत.

मी तो शाळेत नेला. प्रितमने उभ्यानेच वाचला, मग बसून पुन्हा वाचला. "आता काय उपेग, ताई," तो म्हणाला. तरी त्याने शिक्का मारला, तारीख टाकली आणि फाइलमध्ये लावला. पोच म्हणून दिलेली झेरॉक्स मी मोहल्ल्यात नेऊन दिली. काकी घरी नव्हत्या. नारपोलीत एका कारखान्यात धागा गुंडाळायच्या कामावर त्या लागल्यात, सकाळची ड्युटी आहे, असं आयतने सांगितलं.

भाविक गेल्या आठवड्यापासून बसमध्ये मागच्या सीटवर एकटाच बसतो, निशा सांगते. मेघाली त्याला नाव विचारते, तो सांगत नाही. शाळेकडून काकींच्या कागदाला अजून उत्तर आलेलं नाही.